बोटाच्या टोकाची खबर मानेपर्यंत कशी पोहोचते?

प्रश्न : काच लागून माझ्या धाकट्या भावाच्या मनगटातील मज्जातंतू तुटला होता. शस्त्रक्रियेने तो जोडला आहे, परंतु तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, त्यामुळे बोटांना संवेदना यायला काही महिने लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले. वाढीसाठी लागणारी काही प्रथिने तंतूच्या टोकाशी तयार होतात आणि त्यांचा संदेश तिथून पेशीच्या मुख्य भागापर्यंत नेला जातो, असे मी याच संदर्भात वाचले. मज्जातंतूतून संवेदना तर क्षणार्धात धावते. मग हा संदेशही विजेसारखा का जात नाही? तो नेतो कोण?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मज्जातंतू म्हणजे एकच एक धागा नव्हे. त्यात हजारो अक्षतंतू एकत्र बांधलेले असतात आणि प्रत्येक अक्षतंतू हा एखाद्या चेतापेशीचा लांबवर गेलेला फाटा असतो. बोटाच्या टोकाचा स्पर्श जाणणाऱ्या चेतापेशीचा पेशीकाय, म्हणजे केंद्रक असलेला तिचा मुख्य भाग, बोटात नसतो आणि मनगटातही नसतो. तो मानेच्या मणक्यांलगत, मज्जारज्जूच्या शेजारी असलेल्या चेतापेशींच्या गुच्छात असतो. हा पेशीकाय एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, आणि त्याचा फाटा मात्र पाऊण मीटरच्या आसपास लांब. आपल्या भावाच्या मनगटात जे तुटले ते हे फाटे आहेत. पेशीकाय मानेजवळ शाबूत आहेत, आणि म्हणूनच पुन्हा वाढ होण्याची आशा आहे.

विजेचा प्रवाह या कामी का येत नाही, हे आधी पाहू. अक्षतंतूतून जाणारे विद्युत स्पंदन जाड तंतूंमध्ये सेकंदाला ५० मीटरच्या आसपास वेगाने धावते, परंतु एका तंतूतील सगळी स्पंदने एकसारखीच असतात. ती किती आली आणि किती दाटीने आली एवढेच त्यांच्यावरून कळते. स्पर्श झाला, हे सांगायला एवढे पुरेसे आहे. ‘माझे टोक योग्य जागी पोहोचले आहे, तिथल्या पेशी मला पोषक प्रथिन देत आहेत, तेव्हा केंद्रकातील अमुक जनुके चालू ठेवावीत’ हा निरोप मात्र अशा स्पंदनात मावत नाही. विद्युत हालचालींचाही जनुकांवर परिणाम होतो हे खरे, पण टोकाशी कोणते प्रथिन मिळाले हे त्या सांगू शकत नाहीत. त्यासाठी रेणूच जावा लागतो.

रेणू आपोआप पसरत जाईल म्हणावे, तर तेही शक्य नाही. अशा पसरण्यात अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट लागतो. केसाच्या जाडीएवढे अंतर एखादे प्रथिन पेशीद्रव्यात काही मिनिटांत ओलांडेल, पण बोटापासून मानेपर्यंत यायला त्याच हिशेबाने शेकडो वर्षे लागतील. म्हणून चेतापेशीने वाहतुकीची वेगळी व्यवस्था ठेवली आहे, आणि आपण विचारलेला संदेश त्याच व्यवस्थेतून जातो.

या प्रथिनांपैकी सर्वांत आधी हाती लागलेले आणि आजही सर्वाधिक अभ्यासलेले प्रथिन म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, ज्याला संक्षेपाने एनजीएफ म्हणतात. त्याचा शोध रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी लावला. इटलीत १९३८ साली ज्यूविरोधी वंशकायदे आल्यावर विद्यापीठाचे दार बंद झाले, तेव्हा या बाईंनी तुरीनमधल्या घरी, स्वतःच्या झोपायच्या खोलीत, कोंबडीच्या अंड्यांमधील भ्रूणांवर प्रयोग चालू ठेवले होते. युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुईस येथे व्हिक्टर हँबर्गर यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५२ साली त्यांनी रिओ द जानेरो येथील प्रयोगशाळेत उंदराच्या अर्बुदाचा तुकडा आणि भ्रूणातील चेतापेशींचा गुच्छ शेजारी शेजारी ठेवला, तेव्हा त्या गुच्छातून चहूबाजूंनी प्रभावळीसारखे तंतू फुटले. हा परिणाम घडवणारे प्रथिन वेगळे काढण्याचे काम पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी केले. न्यूक्लिक आम्ल तोडण्यासाठी म्हणून त्यांनी नमुन्यात सापाचे विष मिसळले, तर त्या विषातच हा पदार्थ भरपूर असल्याचे आढळले, आणि तिथून ते नर उंदराच्या लाळग्रंथींपर्यंत पोहोचले. दोघांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एनजीएफ प्रत्यक्षात दोन सारख्या साखळ्यांची जोडी असते आणि प्रत्येक साखळीत ११८ अमिनो आम्ले असतात.

हे प्रथिन चेतापेशी स्वतःसाठी तयार करत नाही. ते त्वचा, रक्तवाहिन्या आणि ग्रंथी यांसारख्या ज्या अवयवांत तिचा फाटा जाऊन पोहोचतो, तिथल्या पेशी तयार करतात, आणि तेही मोजकेच. भ्रूणावस्थेत गरजेपेक्षा कितीतरी जास्त चेतापेशी जन्माला येतात. ज्यांच्या फाट्याला टोकाशी पुरेसे एनजीएफ किंवा त्याच कुळातील दुसरे प्रथिन मिळते त्या जगतात आणि बाकीच्या मरतात. काही गुच्छांत तर निम्म्याच्या आसपास पेशी अशा नाहीशा होतात. म्हणजे मानेजवळ बसलेल्या पेशीकायाने जगायचे की मरायचे, हे बोटाच्या टोकाशी काय घडते त्यावर ठरते, आणि त्यामुळे तिथली खबर वर येणे हा पेशीच्या अस्तित्वाचाच प्रश्न होतो. प्रौढ वयात मात्र संवेदी चेतापेशी केवळ जगण्यासाठी एनजीएफवर तितक्या अवलंबून राहत नाहीत. हृदयाचे ठोके, घाम यांसारखी आपोआप चालणारी कामे सांभाळणाऱ्या सिंपथेटिक चेतापेशींना त्याची गरज नंतरही भासते.

आता मूळ प्रवासाकडे येऊ. अक्षतंतूच्या टोकाच्या पटलावर ट्रक-ए नावाचे ग्राही प्रथिन असते. त्याचा एक भाग बाहेर आणि एक भाग पेशीच्या आत असतो. बाहेरच्या भागाला एनजीएफ चिकटले की दोन ग्राही जोडीने एकत्र येतात, आतल्या बाजूने एकमेकांवर फॉस्फेटचे गट चढवतात आणि अशा रीतीने ‘चालू’ होतात. त्यानंतर पटलाचा तेवढा भाग आत खोलगट होऊन तुटतो व त्याची एक पुटिका तयार होते, जिला एन्डोसोम म्हणतात. तिचा व्यास एक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की एनजीएफ पुटिकेच्या पोटात राहते, पण ग्राहीचा चालू झालेला भाग पुटिकेच्या बाहेर, पेशीद्रव्यात डोकावत असतो. शिवजयंतीला गडावरून शिवज्योत घेऊन पोरे गावाकडे धावत येतात, तेव्हा गडावर ज्योत पेटल्याची बातमी येत नसते, ज्योतच पेटती येते. इथेही तसेच घडते. संकेत टोकाशी एकदा उमटून संपत नाही, तो चालू स्थितीतच वाहून आणला जातो, आणि वाटेवर तसेच पेशीकायात पोहोचल्यावरही पुढच्या प्रथिनांना चेतवत राहतो. पेशीकायात त्याच्यामुळे क्रेब नावाचे जनुक-नियंत्रक प्रथिन सक्रिय होते आणि जगण्यासाठी व वाढीसाठी लागणारी जनुके कामाला लागतात.

पुटिका ओढून नेणारे प्रथिन आहे डायनीन. अक्षतंतूच्या लांबीभर सूक्ष्मनलिका, म्हणजे प्रथिनांच्या अतिबारीक पोकळ नळ्या, पसरलेल्या असतात. टोकापासून पेशीकायापर्यंत एकच अखंड नलिका नसते, तर एकमेकींना समांतर आणि एकमेकींवर चढलेल्या अनेक छोट्या नलिका असतात, परंतु त्या सगळ्यांची दिशा एकच असते : धन टोक बाहेरच्या बाजूला आणि ऋण टोक पेशीकायाकडे. डायनीन ऋण टोकाकडे चालते आणि कायनेसिन कुळातील बहुतेक प्रथिने धन टोकाकडे चालतात, त्यामुळे जाणारा माल आणि येणारा माल कोणत्याही फलकाविना वेगळा राहतो. कायनेसिन १९८५ साली अमेरिकेतील वुड्स होल येथे, माकूळाच्या अतिजाड अक्षतंतूवर काम करताना सापडले. एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक पदार्थाचा एक रेणू खर्चून ते ८ नॅनोमीटरचे एक पाऊल टाकते. डायनीनची पावले इतकी शिस्तीची नसतात. ते मधूनच लांब पाऊल टाकते, क्वचित मागेही येते, आणि डायनॅक्टिन नावाच्या साहाय्यक प्रथिनसमूहाशिवाय त्याला लांबचा पल्ला नीट गाठता येत नाही.

आपल्याला पडलेल्या वेगाच्या कोड्याचे उत्तर इथेच आहे. पुटिकांची ही वाहतूक जलद प्रकारची आहे. उंदरांच्या सिंपथेटिक तंतूंमध्ये एनजीएफ तासाला २ ते ३ मिलिमीटर वेगाने पेशीकायाकडे येते आणि संवेदी तंतूंमध्ये त्याहून बरेच जलद येते. म्हणजे खबर पोहोचायला फार तर काही दिवस लागतात, महिने नव्हेत. मात्र तंतू नव्याने उभारायचा तर त्याला सूक्ष्मनलिकांची आणि सांगाड्याच्या इतर प्रथिनांची सामग्री लागते, ती बहुतांशी पेशीकायात तयार होते आणि दिवसाला एखाद्या मिलिमीटरपासून काही मिलिमीटरपर्यंत, अशा मंद गतीने बाहेर सरकते. पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी १९४८ साली मज्जातंतूला फास आवळून, फासाच्या अलीकडे पेशीद्रव्य तुंबत जाते, हे दाखवले होते. त्यांना दिसलेली गती हीच, दिवसाला एक-दोन मिलिमीटर. ही सामग्री वाहणारी यंत्रणा मुळात संथ नसते, तीही जलदच चालते, परंतु वाटेत वारंवार आणि दीर्घकाळ थांबते, असे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले आहे. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेला दर या मंद गतीच्याच घरातला आहे.

तंतू तुटला की टोकाकडून येणारा एनजीएफचा संदेश खंडित होतो, आणि तो खंड हीसुद्धा पेशीकायाला मिळालेली एक खबरच असते. जखमेच्या जागी सक्रिय झालेली काही प्रथिनेही डायनीनच्याच मार्गाने वर येतात आणि पेशी दुरुस्तीच्या कामाला लागते. तुटलेल्या भागापुढे अक्षतंतू नष्ट होतात, पण त्यांच्याभोवती वेष्टण करणाऱ्या श्वान (Schwann) नावाच्या साहाय्यक पेशी जिवंत राहतात, एनजीएफ तयार करू लागतात आणि येणाऱ्या नव्या टोकाला वाट दाखवतात. भावाच्या बोटांना संवेदना येईपर्यंत भाजणे-कापणे कळणार नाही, तेव्हा गरम भांडी आणि धारदार वस्तू यांपासून हात जपणे आणि सांगितलेले व्यायाम न चुकता करणे एवढे आपल्या हाती आहे.

प्रश्न : एनजीएफ स्वतःच पेशीकायापर्यंत जाते, हे सिद्ध कसे केले? टोकाशी ते चिकटल्यावर आत दुसराच एखादा संकेत निघत असेल, असे का म्हणता येणार नाही?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, जीवशास्त्र, नाशिक

उत्तर : असे म्हणता येते, आणि तसे म्हणणारे जाणकारही आहेत, म्हणूनच हा प्रश्न मला विशेष आवडला. पुराव्यांचा क्रम पाहिला तर वाद कशावर आहे ते स्पष्ट होईल.

१९७४ साली इयान हेन्ड्री, हान्स थोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेले एनजीएफ उंदराच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात टोचले. काही तासांनी त्याच बाजूच्या मानेतील सिंपथेटिक गुच्छात किरणोत्सार दुसऱ्या बाजूपेक्षा कितीतरी अधिक आढळला. रक्तावाटे पसरले असते तर दोन्ही बाजूंना सारखे दिसले असते. रेणू प्रवास करतो, हे यातून निश्चित झाले. परंतु त्या प्रवासामुळेच पेशी जगते का, हे ठरले नाही.

पुढचे पाऊल रॉबर्ट कॅम्पेनॉट यांचे, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत देखणा प्रयोग तोच. १९७७ साली त्यांनी कोलेजनचा थर दिलेल्या बशीत समांतर ओरखडे ओढून वर टेफ्लॉनची चौकट ग्रीसने बसवली. मधल्या कप्प्यात नवजात उंदराच्या सिंपथेटिक चेतापेशी ठेवल्या, तेव्हा त्यांचे तंतू ओरखड्यांच्या वाटेने ग्रीसखालून बाजूच्या कप्प्यांत गेले, पण कप्प्यांतले द्रव मात्र एकमेकांत मिसळले नाहीत. आता पेशीकायाला आणि टोकाला वेगवेगळा खुराक देता येऊ लागला. एनजीएफ फक्त टोकाच्या कप्प्यात ठेवले तरी पेशी जगल्या. उलट, पेशीकायाला एनजीएफ देऊन टोकाचे काढून घेतले, तर पेशी जगली पण त्या कप्प्यातले तंतू खुरटले आणि झडले. तेव्हा जगण्याचा निरोप टोकाकडून वर जातो, आणि तंतूची वाढ मात्र जागच्या जागी ठरते, अशी दोन कामे वेगळी झाली.

ट्रक-ए हा एनजीएफचा ग्राही असल्याचे १९९१ साली कळल्यावर पुटिकेची कल्पना आकाराला आली. पण २००२ साली कॅम्पेनॉट यांच्याच प्रयोगशाळेने तिला छेद देणारा निष्कर्ष मांडला. त्यांनी एनजीएफ अशा मण्यांना रासायनिक बंधाने जोडले, की ते आत ओढले जाऊ नये. तरीही टोकाशी असे मणी मिळालेल्या पेशी काही काळ जगल्या. दुसऱ्या प्रयोगशाळांनी मात्र ग्राही आत घेण्याची क्रिया रोखली की जगण्याचा संदेश पोहोचत नाही, असे दाखवले. २००७ साली स्टॅनफर्डच्या गटाने एनजीएफला क्वांटम डॉट नावाचे चमकते कण जोडून एकेका पुटिकेचा प्रवास प्रत्यक्ष पाहिला : पुटिका धावते, थबकते, पुन्हा धावते, आणि बहुतेक पुटिकांत एनजीएफची एकच जोडी असते. एवढ्या थोडक्या मालावर संदेश पोहोचतो, हे मला तरी त्या प्रयोगातले सर्वांत विलक्षण वाटते.

या वादापेक्षाही पुटिकेच्या बाजूने अधिक बोलका पुरावा एनटी-३ या भावंड-प्रथिनाचा आहे. तेही ट्रक-एलाच चिकटते आणि तोच ग्राही चालू करते. वाढत्या सिंपथेटिक तंतूंना रक्तवाहिन्यांच्या कडेने जाताना एनटी-३ मिळते आणि त्यावर ते पुढे सरकतात, पण पेशीकायापर्यंत जगण्याचा संदेश त्यातून जात नाही. तो अंतिम अवयवातील एनजीएफ मिळाल्यावरच जातो. याचे कारण पुटिकेत आहे. पुटिका आत आल्यावर तिच्या पोटातले द्रव हळूहळू आम्लधर्मी होते. त्या आम्लात एनटी-३ ग्राहीपासून सुटते आणि ग्राही बंद पडतो, तर एनजीएफची पकड टिकते आणि ग्राही चालू राहतो. वाटेवरच्या मुक्कामाला पेशीने घर समजू नये, याची ही सोय आहे. ग्राही तोच, टोकाशी उमटणारा संकेतही जवळपास तोच, आणि फरक फक्त प्रवासात टिकण्याचा. म्हणून पुटिका हाच मुख्य मार्ग आहे आणि इतर वाटा दुय्यम असाव्यात, असे माझे मत आहे.

प्रश्न : कर्करोगाच्या काही औषधांनंतर रुग्णांचे तळपाय बधिर होतात. त्याचा या वाहतुकीशी संबंध आहे का? तसेच रेबीजचा विषाणूही नसांतूनच मेंदूकडे जातो म्हणतात, तो याच मार्गाने का?
— निवृत्त औषधनिर्माते, सोलापूर

उत्तर : दोन्हींचे उत्तर ‘होय’ असे आहे, पहिल्याच्या बाबतीत थोड्या सावधगिरीने. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन सूक्ष्मनलिका जुळू देत नाही, तर पॅक्लिटॅक्सेल त्यांना गरजेपेक्षा जास्त घट्ट धरून ठेवते. विभाजन पावणाऱ्या कर्कपेशींना याने पायबंद बसतो, पण चेतापेशींच्या वाहतुकीचे रस्तेही त्याच नलिकांचे असतात. सर्वांत लांब तंतूंना झळ आधी लागते, म्हणून मुंग्या आणि बधिरपणा पायांच्या बोटांपासून सुरू होतो आणि मग हातांकडे येतो. मायटोकॉन्ड्रियाची हानी यांसारखी इतर कारणेही त्यात असतात, त्यामुळे सगळा दोष वाहतुकीवर टाकता येत नाही. आनुवंशिक उदाहरणे अधिक स्वच्छ आहेत. पुटिकांची वाट ठरवणाऱ्या रॅब-७ या प्रथिनातील दोषामुळे शार्को-मारी-टूथ विकाराचा २-बी हा प्रकार होतो, ज्यात पायांची संवेदना जाऊन जखमा चिघळतात. आणि ट्रक-एच्या जनुकातच दोष असेल तर मूल वेदना जाणण्याच्या शक्तीविना जन्मते व त्याला घामही येत नाही.

रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेतील तंतूंच्या टोकांतून आत शिरतो आणि डायनीनच्या मार्गाने वर चढतो. एनजीएफला चिकटणारा पी-७५ हा दुसरा ग्राही तो वापरू शकतो. धनुर्वाताचे विषही प्रेरक चेतापेशींत याच कुळातील प्रथिनांच्या पुटिकांतून मज्जारज्जूपर्यंत जाते. चेहऱ्यावरील चाव्यात धोका अधिक का, हे यावरून लक्षात येईल : अंतर कमी असते. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुणे, आणि विलंब न करता लस व गरजेप्रमाणे प्रतिपिंडे घेणे, ही सारी धडपड विषाणू या वाटेला लागण्याआधी त्याला गाठण्यासाठी असते.

प्रश्न : मग एनजीएफचे इंजेक्शन देऊन मज्जातंतू लवकर बरे का करत नाहीत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रयत्न झाले आहेत. मधुमेहामुळे तंतू खराब झालेल्या रुग्णांवर एनजीएफच्या इंजेक्शनांची मोठी चाचणी झाली, पण तिच्यात अपेक्षित लाभ दिसला नाही आणि टोचलेली जागा दुखणे ही नेहमीची तक्रार ठरली. त्यात नवल नाही, कारण प्रौढ शरीरात एनजीएफ वेदनेची संवेदना वाढवते. इतके, की सांधेदुखीसाठी उलट एनजीएफला अडवणारे टॅनेझुमॅब हे प्रतिपिंड बनवले गेले आणि सांधे झिजण्याच्या भीतीने २०२१ साली तेही सोडून द्यावे लागले. यश मिळाले ते डोळ्यात. पारपटलाचे, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याचे, तंतू निकामी होऊन तिथे व्रण होतात, त्या आजारासाठी एनजीएफचे थेंब युरोपात २०१७ साली आणि अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले. तिथे औषध थेट तंतूंच्या टोकांवरच पडते, मात्रा अल्प पुरते, आणि शरीरभर पसरून वेदना वाढवण्याइतके ते रक्तात जात नाही.